पाठीमागचे हात

पन्नाशी उलटल्यावर मी बुलढाण्यात विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण केंद्रात कॉम्प्युटर शिकायला जाऊ लागले. वर्गात बहुतेक माझ्याच वयाचे. शेजारी धाड गावचे एक चाचा बसायचे, त्यांचं कापडाचं दुकान होतं. शिकवणाऱ्या मॅडम आमच्या लेकीएवढ्या. त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. कुणी कितीही अडलं तरी माउसला हात लावायच्या नाहीत, नुसतं तोंडानं सांगायच्या. मला चीड यायची. एवढं करून द्यायला काय जातं यांचं?

एकदा चाचांच्या हातून सगळं टाइप केलेलं पुसलं गेलं. ते म्हणाले, “मॅडम, आता तुमीच करून द्या.”

मॅडम म्हणाल्या, “चाचा, घरी सगळे करूनच देऊन राह्यले ना तुमाले? म्हणून तर इथं आले तुमी.”

चाचा हसले आणि पहिल्यापासून टाइप करू लागले. त्यांचं टाइप करून संपेपर्यंत मॅडम तिथंच उभ्या होत्या, हात तसेच मागे. माझी चीड तिथंच विरली.

परवा जळगाव जामोदला जायचं एसटीचं तिकीट मोबाइलवर काढताना मी अडले. लेकीनं हात पुढे केला. “दे इकडं आई, मी करते.”

मी म्हटलं, “हात मागं घे, अन् तोंडानं सांग मले.”