बाळाच्या खोलीतली मोहफुलं

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच असल्यामुळे मामा-मामींचं दत्तक बाळ जवळजवळ हुकलं.

पोंभुर्ण्याला मामांकडे राहून मी बी.ए. करते. त्यांना मूल नाही. दत्तकाचा अर्ज मीच मोबाइलवर भरला, तेव्हापासून घरात मला वकिलाचा मान होता (मीही तो नाकारला नाही).

अर्जानंतर घर बघायला समाजसेविका येतात आणि पुढचं सगळं त्यांच्या अहवालावर ठरतं. त्या दिवशी मामा सकाळपासून फाटकापर्यंत जायचे, रस्ता बघायचे, परत यायचे. मामींनी झाडलेली ओसरी पुन्हा झाडली. मी दोघांकडून उत्तरं पाठ करून घेत होते. 'मुलानं चूक केली तर काय कराल?' याचं उत्तर मी फार सुंदर लिहिलं होतं : 'आम्ही त्याच्याशी सकारात्मक संवाद साधू.' मामांना 'सकारात्मक' काही केल्या येईना.

तेवढ्यात माझी नजर अंगणात गेली. अंगणभर मोहफुलं वाळत होती! चैत्रात ती इथं कुणाच्या अंगणात नसतात? पण बाई शहरातल्या. इथं दारू गाळतात असं त्यांना वाटलं तर?

"मामी, हे उचला."

"काऊन? त्यायनं कधी मोहा पायला नाई का?"

मी कायदा, बालहक्क असं बरंच बोलले (त्या विषयाचं पुस्तक अजून वाचायचं होतं). शिकलेली पोरगी म्हणते म्हणून दोघांनी मुकाट्यानं फुलं भरली. रिकामी जागा एकच होती, बाळासाठी नवी रंगवलेली खोली. तिथं ओतली, दार लोटलं.

टिनाच्या छपराखाली फुलं तापली आणि अंगणातला वास घरभर झाला. मी उदबत्त्या लावल्या. आता देवळात हातभट्टी लावल्यासारखं वाटायला लागलं.

बाई आल्या. त्यांचं नाक जरा हललं. त्यांनी चहा घेतला, कागद पाहिले. मामांनी कुणी न विचारताच "सकारात्मक" म्हणून टाकलं. मग बाई म्हणाल्या, बाळाची खोली बघू या.

मी सांगितलं, किल्ली हरवली. दाराला कुलूपच नव्हतं.

बाईंनी दार ढकललं. मोहफुलांच्या ढिगावर शेजारची बकरी उभी होती (वास जावा म्हणून मागचं दार मीच उघडं ठेवलं होतं). तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि खात राहिली.

मामांचा चेहरा बघवेना.

"हे इथं कुणी ठेवलं?" बाईंनी विचारलं.

"म्या ठेवलं जी," मामा म्हणाले.

"नाई जी," मामी मध्येच बोलल्या. "आमच्या पोरीनं ठेवलं. तुमाले बरं नाई वाटनार म्हून भेली ते."

"मग रागावलात तिला?"

मामींनी पाठ केलेल्या उत्तरासाठी तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"रागावतो ना जी. पण सकाळपासून उपाशी आहे ते. पयले जेऊ घालतो, मंग रागावतो."

बाई बराच वेळ लिहीत होत्या.

अहवाल चांगला गेला. आता नंबर लागायची वाट बघणं सुरू आहे. फोन वाजला की मामा अजूनही ताडकन उभे राहतात.

मध्यंतरी बाई पुन्हा येणार असं कळलं. त्या दिवशी मामांनी मला पहिल्याच बसनं गोंडपिपरीला पाठवलं. हातात पिशवी दिली. काय आणायचं, ते मात्र सांगितलं नाही.