भिंतीकडे तोंड केलेले कृष्ण

वडील तंजावूरजवळच्या पापनाशमला भातगिरणीत पोती उचलत. गिरणी बंद असली की घरात कंजी, म्हणजे भाताची पेज, तीही पातळ. आईत आणि माझ्यात मिळून धड साडी एकच. मी कॉलेजात गेले की आई त्या दिवशी दाराबाहेर येत नसे. अशा घरातली मी पहिली बी.कॉम. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते.

पदवीच्या जोरावर तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका चित्रशाळेत व्यवस्थापक झाले. फणसाच्या फळीवर देव रंगवायचे, सोन्याचा वर्ख लावायचा, खडे जडवायचे. मालक आमच्यातलेच, मराठी बोलणारे, म्हातारे. आल्या आल्या मी तक्ता करून कामाची वाटणी केली. एकाने फळ्या घासायच्या, एकाने वर्ख, एकाने खडे. सगळ्यात चांगला हात एका जुन्या कारागिराचा, वीस वर्षं इथेच मुरलेला; सगळे त्यांना मामा म्हणत. म्हणून मामांना नुसते चेहरे दिले. डोळे मात्र घराण्याच्या रिवाजाप्रमाणे मालकच काढत. अगदी शेवटी, अंघोळ करून, दार लावून.

मग मालकांचा हात कापू लागला. डोळे थांबले, चित्रं होत राहिली. सतरा बाळकृष्ण भिंतीला टेकलेले. हातात लोणी, ओठांवर हसू आणि डोळ्यांच्या जागी नुसता गुळगुळीत रंग.

एका सकाळी कुलूप काढते तर सतराही जण भिंतीकडे तोंड करून. मी सरळ केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. संध्याकाळी कुलूप मामा लावत.

"मामा, हे तुम्ही करता?"

"मीच. त्यांच्याकडे पाठ करून जाववत नाही, अम्मा."

"चेन्नईच्या दुकानात जाणार म्हणे तुम्ही? मी पगार वाढवून देते."

"वाढवा की, कोण नको म्हणतं? पण आठ तास मी ह्यांच्याकडे बघतो आणि ह्यांच्यातला एकही माझ्याकडे बघत नाही. तुमच्या बी.कॉम.मध्ये ह्याला काय म्हणतात?"

मामा गेले तर चित्रशाळा उरणार नव्हती. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी त्यांच्या जागी बसून पाहिलं. थोड्या वेळाने मला वाटू लागलं, चेहरा नाहीये तो मलाच. मी हात वर नेऊन स्वतःच्या पापण्या चाचपल्या.

तशीच उठून मालकांकडे गेले आणि म्हटलं, डोळे मामांना काढू द्या.

"घराण्याबाहेरचा हात? डोळ्यांना?"

"घराण्याचा हात कापतोय, अण्णा. आणि वीस वर्षं चेहऱ्याला चालला तो हात."

त्यांनी आपला बारीक कुंचला माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "आरसा तू धर."

डोळे उघडताच देवाची पहिली नजर माणसावर पडू द्यायची नाही, म्हणून चित्रासमोर आरसा धरतात. दुसऱ्या दिवशी मामा अंघोळ करून आले, दार लावलं. मी तोंड फिरवून आरसा धरून उभी राहिले. कुंचल्याची बारीक सरसर थांबली आणि माझ्या हातातला आरसा जड झाला. खरंच जड झाला. मी मनगटं घट्ट केली.

"झालं," मामा म्हणाले. मग अगदी हळू, "बघतोय."

मी आरसा सोडला नाही.

तक्ता मी त्याच दिवशी फाडला. आता आमच्याकडे जो फळी घासतो तोच ते चित्र शेवटपर्यंत करतो आणि त्याचे डोळेही उघडतो. सतराही कृष्ण पुरे होऊन गिऱ्हाइकांकडे गेले. मामा चेन्नईला गेले नाहीत.