चादरीच्या कोपऱ्यातले टाके

माझी मावशी हट्टी आहे असं घरात सगळे म्हणतात. मी म्हणणार नाही, कारण तिनं हट्ट धरला तेव्हा मी शेपूट घातलं होतं.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिनं एकवीस वर्षं काढली. तिथली सगळी नोंद कॉम्प्युटरवर गेली, तेव्हा वरच्यांनी तिला एका शब्दानंही विचारलं नाही. ही सॉफ्टवेअरं लिहितात तरी कशी ते बघतेच, म्हणाली, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर येऊन बसली. मला लाज वाटली. पोरं तिला ‘धुलाईबाई’ म्हणायची आणि ती खुशाल ओ द्यायची.

दुसऱ्या वर्षी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डिझाइन हा विषय आला. प्रत्येक ऑब्जेक्टनं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या प्रत्येक वस्तूनं, आपली माहिती आपल्याजवळ ठेवायची, असं सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं. मावशीनं ते वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलं. मग प्रकल्प मिळाला: इस्पितळातल्या कपड्यांची व्यवस्था. सरांनी नमुना म्हणून फळ्यावर आकृती काढली. वर ‘चादर’ हा क्लास, म्हणजे साचा. त्याच्या पोटात आणखी तीन: स्वच्छ चादर, मळकी चादर, संसर्गाची चादर. धुणं झालं की मळक्या चादरीचा ऑब्जेक्ट पुसायचा आणि स्वच्छ चादरीचा नवा तयार करायचा.

मावशीला ते काही केल्या पटेना. सकाळची स्वच्छ चादर संध्याकाळी मळते, म्हणून काय ती दुसरी होते? तिनं एकच क्लास काढला. आत दोन गोष्टी: सध्याची अवस्था, आणि किती वेळा धुतली तो आकडा. सरांनी वर लाल फुली मारली. पोटातले क्लास दाखवलेच नाहीत, म्हणून नापास.

मीसुद्धा आधी मावशीसारखीच आकृती काढली होती. तिचं बरोबर आहे हे मला कळत होतं. पण द्यायच्या आदल्या दिवशी मी निमूटपणे सरांची उतरवली आणि पास झाले.

पुन्हा नापास झाली असती तर तिचा प्रवेश रद्द झाला असता. घरचे हात धुऊन तिच्या मागे लागले, त्यात मी सगळ्यांत पुढे. म्हटलं, तीन चौकोन काढायला तुझं काय जातं?

"माझं काही जात नाही," ती म्हणाली. "चादरीचं जातं."

फेरपरीक्षा तोंडी आणि सगळ्यांसमोर व्हायची, म्हणून मीही मागे जाऊन बसले. बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. मावशीनं टेबलावर आकृती ठेवली.

"मागच्या वेळचीच?" सरांनी विचारलं.

"चादरही बदललेली नाही, सर."

तिनं पिशवीतून एक विरलेली चादर काढून कोपरा उलटला. लाल दोऱ्याचे चार टाके होते. धुलाईखान्यात दर दहा धुण्यांना एक टाका घालतात. पाचवा पडला की चादरीची फडकी करायची, नाहीतर ती रोग्याच्या अंगाखाली फाटते.

"हिनं आपली माहिती आपल्याजवळ ठेवली आहे. तुम्हीच शिकवलंत. आता तुमच्या आकृतीत मला हे टाके दाखवा."

जुन्या ऑब्जेक्टमधला आकडा नव्यात उतरवून घ्यायचा, असं सर म्हणाले.

"दर धुण्याला? मग चादर बदलता कशाला?"

परीक्षक बाईंनी टाके मोजले आणि गुण लिहिले. मावशी पास झाली, तेही अगदी काठावर.

पुढच्या वर्षी सरांनी नव्या वर्गाला नमुना म्हणून मावशीची आकृती दिली. तिचं नाव कुठंही नव्हतं. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी नुसती हसली. मला हसता येईना. तो कागद घेऊन मी तशीच सरांच्या खोलीत गेले.

"ही माझ्या मावशीची आकृती आहे. खाली तिचं नाव घाला," मी म्हटलं. "आणि माझी तुमचीच उतरवलेली होती. तीही परत तपासा."