खोडलेलं नाव

परवा एका लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याची ओली हळद बोटाला लागली आणि माझ्या लग्नातली पाहुण्यांची यादी आठवली. ती यादी मी क्लाउडवर ठेवली होती, आणि आपापल्या ठिकाणाहून दोघांनी त्यातच नावं कशी भरायची हे बाबांना त्या दिवशी सकाळी शिकवलं होतं. दारव्ह्याच्या घरी ते ओसरीत मोबाइल घेऊन बसले, मी आत लॅपटॉपवर. अंगणात वाळत घातलेल्या तुरीचा वास घरभर होता. एकाएकी माझ्या डोळ्यांदेखत यादीतलं पहिलंच नाव पुसलं गेलं, कळंबच्या मोठ्या काकांचं. शेताच्या वाटणीपासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. मी ओसरीकडे पाहिलं नाही. माझा चहा पार निवला तरी ती ओळ रिकामीच होती. मग एकेक अक्षर करत नाव परत आलं, पुढे ‘सहपरिवार’सुद्धा. थोड्या वेळाने बाबा आत आले. “नाव टाकलं का तुले दिसते, हे समजलं. पन खोडलेलंही दिसते का वं?” “नाही बाबा,” मी म्हणाले, “खोडलेलं फक्त तुमच्याच मोबाइलात दिसतं.” “मंग बरं हाय,” म्हणत ते तांब्याभर पाणी प्यायले. आता बाबा घरचे सगळे कागद स्वतःच क्लाउडवर चढवतात. तेवढं एक मी चुकीचं शिकवलं, आणि ते अजून सुधारलेलं नाही.