आक्काच्या नावाची चिठ्ठी

दुधनीहून भावोजींचं कार्ड आलं तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. कार्डावर दोनच ओळी होत्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि माझी थोरली बहीण, आक्का, गेली. उरलेली नावं मी कशी वाचली, आठवत नाही... त्याला आता दीड महिना झाला.

आमची आई लवकर वारली. अण्णा सोलापुरात कचेरीत कारकून होते. दहाला घर सोडायचे ते दिवेलागणीला परतायचे. आम्ही दोघी एकाच कन्याशाळेत जायचो, मी तिसरीत, आक्का सातवीत. सातवीची फायनल द्यायची, मग पुण्याला ट्रेनिंगला जायचं आणि मास्तरीण होऊन यायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. दुपारी धुण्याच्या दगडावर बसवून ती मला शिकवायची, आणि चुकलं तर खऱ्या मास्तरणीसारखी रागवायची.

त्या वर्षी मला मुदतीचा ताप आला. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून आक्का माझ्या उशाशी राहिली. कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवायची, पेज भरवायची. शाळेचा नियम असा की आठ दिवसांच्या वर गैरहजेरी झाली तर डॉक्टरची चिठ्ठी हवी, नाहीतर नाव कमी. डॉक्टरांनी माझी चिठ्ठी लिहिली. मग आक्काकडे बघून म्हणाले, "तुझीही देतो लिहून. ताप होता म्हणून."

मला ग्लानी होती, तरी तिचं उत्तर मी ऐकलं.

"नको, डॉक्टरसाहेब. माझी खोटी निघाली तर हिच्या खऱ्या चिठ्ठीवरसुद्धा कुणी विश्वास ठेवायचं नाही."

माझी चिठ्ठी तिनंच शाळेत नेऊन दिली. मोठ्या बाईंनी तिला तिची चिठ्ठी मागितली. आपण आजारी नाही, बहीण आजारी आहे, असं तिनं सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. पण आजाऱ्याजवळ बसणाऱ्यासाठी नियमात जागाच नव्हती. मी अंथरुणातून उठले तेव्हा माझं नाव पटावर होतं, तिचं नव्हतं. पुढल्या वर्षी पुन्हा घालू, असं अण्णा म्हणाले. पुढल्या वर्षी दुधनीचं स्थळ आलं.

ट्रेनिंगला मग मी गेले. त्याच शाळेत मास्तरीण झाले. दुधनीच्या घरी कानडी बोलत, रांधत-वाढत आक्कानं वर्षं काढली. त्या चिठ्ठीबद्दल तिनं कधी अक्षर काढलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

गेल्या संक्रांतीला ती गड्ड्याच्या जत्रेला आली होती. तुझी शाळा दाखव, म्हणाली. सुट्टी होती, वर्ग रिकामे होते. सातवीच्या वर्गात एका बाकावर ती जरा वेळ बसली. मग हळूच विचारलं, "आमच्या वेळचं हजेरीपुस्तक असेल का गं?" कपाटाच्या तळाशी ते सापडलं. तिच्या नावावर तांबड्या शाईची रेघ होती. तिनं त्या पानावरून, मग मागच्या पानांवरून सावकाश बोट फिरवलं.

"लई सुंदर होतं की गं बाईंचं अक्षर," एवढंच म्हणाली. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

सुतक फिटल्यावर मी शाळेत गेले. मुली घरी गेल्यावर ते पुस्तक पुन्हा काढलं. त्या दिवशी मला रेघेपलीकडचं काही दिसलंच नव्हतं. आता पानं मागे उलटत गेले. वर्ष सुरू झाल्यापासून मला ताप येईपर्यंत तिच्या नावापुढची एकेक चौकट भरलेली होती... एकही खाडा नव्हता. तिचं बोट त्या दिवशी कशावरून फिरत होतं, ते मला तेव्हा कळलं.