दामाजी आणि शेठच्या दोन गाड्या

ब्याण्णव सालच्या फेब्रुवारीत दिव्याच्या खाडीकाठी धाकूला मारलं, तेव्हा दामाजी पंचवीस पावलांवर गाडीत बसलेला होता. इंजिन चालू होतं. शिवराम शेठनेच सांगितलं होतं, "बंद करू नको, पाच मिनिटांचं काम आहे."

धाकू म्हणजे दामाजीच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा, मंजुळाचा नवरा. जमीन काढण्यासाठी शेठने खाडीत टाकलेला भराव त्याच्या होडीपर्यंत येऊन पोचला होता. जिथे तो होडी ओढून ठेवायचा आणि मंजुळा मासळी वाळत घालायची, तेवढा पट्टा सोडायला तो तयार नव्हता. दामाजीला वाटलं, शेठची माणसं दम देतील, कॉलर धरतील आणि परत येतील. पण चौघांच्या हातात लोखंडी सळया होत्या. पहिली गुडघ्यावर बसली. धाकू खाली बसल्यावर दुसरी पाठीत. तिसरी तोंडावर. दामाजीचा हात दाराच्या कडीवर होता. ती कडी त्याने उघडली नाही. शेठ नाकाला रुमाल लावून बाजूला उभा होता. काम झाल्यावर तो येऊन बसला आणि म्हणाला, "चल." दामाजीने गियर टाकला.

धाकूचा डावा डोळा गेला.

दामाजी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. बापाबरोबर होडीवर जाता जाता मासळीपेक्षा होडीच्या इंजिनातच त्याचा जीव जास्त रमला. पुढे नौपाड्यातल्या एका गॅरेजात तो मोटारी शिकला. शहाऐंशी साली शिवराम शेठने कुठल्याशा गिरणीवाल्याच्या मुलाकडून एक जुनी जर्मन गाडी आणली. दोन दारांची, बसकी, पुढचे दिवे डोळ्यांसारखे वर आलेले, इंजिन मागे. त्या इंजिनाला पाणीच नव्हतं, पंख्याच्या हवेवर आणि ऑइलवर ते थंड व्हायचं. ठाणे-कल्याणातल्या चार मेकॅनिकांनी हात टेकले होते. दामाजीने रबरी नळीचं एक टोक कानात धरलं, दुसरं दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी आळीपाळीने नेलं, आणि दोघांचा श्वास एकसारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत बसला. संध्याकाळपर्यंत इंजिन गुरगुरायला लागलं. शेठ खूश झाला आणि त्याने दामाजीला ड्रायव्हर-कम-मेकॅनिक म्हणून ठेवूनच घेतलं. गॅरेजातल्या पोरांनी गाडीचं नाव ठेवलं बेडकी.

शेठचा हात लगेच उठायचा. मुकादमाच्या थोबाडीत द्यायला त्याला कारण लागत नसे. एकदा बेडकीच्या दारावर ओरखडा दिसला म्हणून त्याने पान्हा उचलून दामाजीच्या तोंडावर मारला. पुढचा एक दात पडला. तरी त्यानंतर आठ दिवसांनी दामाजी कामावर होता.

धाकूला मारल्याच्या दुसऱ्या दिवशी तो मंजुळाकडे गेला. ती दारात सुरमई कापत बसली होती. त्याला बघताच तिने हातातला कोयताच फेकला. दामाजीने हात आडवा घातला म्हणून मान वाचली. कोपराखाली हाडापर्यंत चीर गेली.

"इंजिन चालू ठेवून बसलेलास ना रं?" मंजुळा ओरडली. "आख्ख्या गावानं आवाज आयकला. आता इथं आयलास तर उभा चिरीन!"

सात टाके पडले. दामाजीने नोकरी सोडली नाही. लोक म्हणाले, घाबरला. ते खरं होतं. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती, ती त्याने कुणाला सांगितली नाही. त्याला बेडकी सोडवत नव्हती.

चौऱ्याण्णवला शेठचं त्याच्या भागीदाराशी, गोपीनाथशी फाटलं. दोघांनी मिळून दिव्यात भराव टाकले होते, मिळून माणसं उठवली होती, आता एकमेकांच्या जिवावर उठले. जानेवारीत गोपीनाथच्या मेव्हण्याला डोंबिवलीच्या मासळी बाजारात भरदुपारी तलवारीने तोडला. फेब्रुवारीत शेठच्या मुकादमाचे दोन्ही पंजे छाटून त्याला शिळच्या रस्त्यावर फेकला. मग शेठने दुसरी गाडी मागवली. नवी कोरी जपानी स्पोर्ट्स कार, लालभडक, पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची.

एका सकाळी शेठ शेडमध्ये आला. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दाढी वाढलेली, कमरेला पिस्तूल.

"दाम्या, एकच वापरायची. रोज गाडी बदलली तर तुझा हात बसणार नाही. आठ दिवस दोन्ही पळव आणि सांग, मला जिवंत बाहेर काढेल अशी कुठली?"

दामाजीने आठ दिवस दोन्ही गाड्या कल्याण-शिळ रस्त्यावर पिदडल्या. जपानी सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखी जायची, वळणावर बोटाने वळायची, ब्रेकला जागच्या जागी बसायची. बेडकीचा क्लच दाबून मांडी भरून यायची, आणि वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर तिचं बूड गर्रकन पुढे यायचं. तिला ओळखणाऱ्याच्या हातातच ती शहाणी होती. पण रस्ता खड्ड्यांचा, डंपरमधून पडलेल्या दगडांचा. जपानीचा रेडिएटर नाकाशी होता. तो फुटला की तीन-चार किलोमीटरमध्ये इंजिन जाम. बेडकीला रेडिएटरच नव्हता.

सातव्या दिवशी कळव्याच्या चहाच्या टपरीवर गोपीनाथ त्याच्या शेजारी येऊन बसला. दोन माणसं मागे उभी राहिली. गोपीनाथने हातरुमालात गुंडाळलेलं पिस्तूल दामाजीच्या मांडीवर टेकवलं.

"कुठली गाडी घ्यायची ते शेठ तुला विचारतोय. मला कळलंय. जपानी सांग."

"का?"

"तिचं पाणी तोंडाशी आहे. एक पहार घातली की खलास, पुढे आम्ही बघतो. तू दार उघडून चालता हो." गोपीनाथ चहाचा घोट घेऊन म्हणाला, "धाकू तुझा कोण रे? त्याचा डोळा विसरलास?"

"तेव्हा तुम्ही भागीदार होतात," दामाजी म्हणाला.

पिस्तुलाची नळी मांडीत रुतली. "जास्त शहाणपणा नको. उद्या संध्याकाळपर्यंत."

दामाजी तिथून दिव्याला गेला. दोन वर्षांनी. धाकू ओट्यावर जाळं विणत होता, उरलेला डोळा जाळ्याच्या अगदी जवळ नेऊन. मंजुळा आतून आली. दामाजीने उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं.

"बाय, तू सांग. तू म्हणशील ती गाडी."

मंजुळाने दाराला हात घातला. "मना इचारतोस? म्हंजे उद्या शेठ मेला तर मंजुलानं मारला, वाचला तर मंजुलानं वाचवला? तवा गाडीतून उतरायला मना इचारलेलास काय?" ती दार लावता लावता म्हणाली, "आयुष्यात एक काम तरी सोता कर."

धाकूने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दामाजीने शेठला सांगितलं, "बेडकी. रेडिएटर नाही, पाण्याचा पाइप नाही. समोरून कोणी काही मारलं तरी इंजिन मागे आहे. बंद पडणार नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण एक गोष्ट त्याने पोटात ठेवली. बेडकीच्या पुढच्या बॉनेटखाली, पातळ पत्र्याच्या आड, पेट्रोलची टाकी होती. जपानीचं नाक फुटलं तर गाडी थांबली असती. बेडकीचं फुटलं तर ती पेटली असती. शेठने इतक्या वर्षांत बॉनेट कधी उघडून बघितलं नव्हतं. पेट्रोल भरायलासुद्धा तो खाली उतरत नसे. आपण स्वतःही त्याच गाडीत बसणार आहोत, एवढं दामाजीने मनाला सांगितलं आणि चाव्या घेतल्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी अडीचच्या सुमाराला, शिळ फाट्याच्या अलीकडे एक डंपर उलट्या बाजूने येऊन रस्त्यात आडवा झाला. मागून जीप चिकटली. गाडी परदेशी, स्टिअरिंग डाव्या बाजूला. शेठ उजवीकडे, रस्त्याच्या बाजूला. पहिली तलवार त्याच्या काचेतून आत आली आणि खांद्यात घुसली. शेठने पिस्तूल काढलं, गोळी छतात गेली. दोघांनी पहारी घेऊन पुढचं बॉनेट ठेचायला सुरुवात केली. कुठली गाडी असेल याचा विचार न करता, ठरवून आल्यासारखे ते नाकावरच घाव घालत होते. तिसऱ्या घावाला पत्रा फाटला. पेट्रोलचा वास भपकन आत आला.

दामाजीने क्लच दाबला, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे मारलं आणि गाडी रस्त्याच्या कडेवरून खाली माळावर घातली. एक माणूस चाकाखाली आला, किंचाळला. गाडी दगडांवरून उडत गेली. इंजिन मागे ठणठणीत गुरगुरत होतं, दामाजीने सांगितलं होतं तसंच. दोनशे पावलांवर गाडीच्या पोटाला दगड घासला, ठिणगी उडाली आणि समोरची काच एकदम पिवळी झाली.

दामाजी दार उघडून बाहेर पडला. रस्त्यावरच्या मारेकऱ्यांनी ज्वाळा बघितल्या, त्यांचं काम झालं होतं. आपला जखमी जीपमध्ये टाकून ते निघून गेले.

शेठचं दार घावांनी पिचलं होतं, उघडेना. तो आतून काच बडवत होता. "दाम्या! दाम्या, अरे दार!"

दामाजी दहा पावलांवर उभा राहिला. त्याला धाकूच्या तोंडावर बसलेली सळई दिसली. शेठचा रुमाल दिसला. शेठचे केस पेटलेले दिसले. आपण किती वेळ उभे होतो, ते त्याला पुढे कोर्टातही सांगता आलं नाही. मग तो धावला. आपल्याच दारातून आत घुसून त्याने पेटत्या डॅशबोर्डवरून हात घातले, शेठला काखेत धरलं आणि गाईचं अडलेलं वासरू ओढावं तसा बाहेर ओढला. शेठच्या शर्टाचं नायलॉन वितळून दामाजीच्या तळव्यांना चिकटलं.

ठाण्याच्या इस्पितळात दोघे एकाच वॉर्डात होते. शेठचा अर्धा चेहरा जळला होता. पाचव्या दिवशी तो बोलला.

"टाकी पुढे असते, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही धाकूला मारलंत तेव्हाही मी बोललो नव्हतो. तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत."

दोन दिवसांनी भेटीच्या वेळेत शेठचा एक माणूस केळी घेऊन आला. दामाजीच्या कॉटवर बसला, त्याचे पट्टी बांधलेले दोन्ही पंजे आपल्या हातांत घेतले आणि हसत हसत, जखमा फुटून पट्ट्या लाल होईपर्यंत आवळत राहिला. दामाजी बेशुद्ध झाला. शुद्धीवर आला तेव्हा मंजुळा बाजूला उभी होती. कुणी कळवलं होतं कोण जाणे.

"मी तुला बघाया नाय आयले," ती म्हणाली. "कोण मेला आणि कोण जगला तं बघाया आयले."

"बाय, पोलिसांना बोलव," दामाजी म्हणाला. "मला जबाब द्यायचाय. धाकूचा."

साक्षीला कुणी उभं राहत नाही म्हणून धाकूची फाइल दोन वर्षं बंद पडली होती. दामाजीने चौघांची नावं दिली, शेठचं दिलं. गाडीत कोण होतं तेही दिलं. टाकीची गोष्टसुद्धा त्याने लपवली नाही. जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने मान वर करून विचारलं, "हे कशाला सांगतोस? तूच अडकशील." दामाजी म्हणाला, "लिहा."

केस उभी राहायला तीन वर्षं गेली. मधल्या काळात शेठ मेला. शहाण्णवच्या डिसेंबरमध्ये जपानी गाडी घेऊन तो दिव्याच्या रेल्वे फाटकात उभा होता. फाटक बंद, पुढे टेम्पो, मागे रिक्षा. दोन पोरं चालत आली आणि काचेला नळ्या लावून सहा गोळ्या झाडून चालत गेली. गोपीनाथला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात कुणीतरी मुंब्र्याच्या खाडीत बुडवला. उरले ते चौघे.

साक्षीच्या दिवशी कल्याण कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांच्या माणसांनी दामाजीला गाठलं. एकाने पोटात लाथ घातली, दुसऱ्याने केस धरून डोकं पायरीवर आपटलं. पोलीस धावून येईपर्यंत भुवई फुटली होती. तसाच, डोळ्यात रक्त उतरत असताना, तो पिंजऱ्यात उभा राहिला.

समोरच्या वकिलाने विचारलं, "तुमच्या सख्ख्या मेव्हण्याला मारत होते आणि तुम्ही पंचवीस पावलांवर बसून राहिलात. का?"

"भीती होती," दामाजी म्हणाला. मग डोळ्यातलं रक्त पुसून म्हणाला, "आणि मला ती गाडी आवडायची."

कोर्टात कुणीतरी हसलं. धाकू मागच्या बाकावर होता, तो हसला नाही.

चौघांपैकी तिघांना सात वर्षांची सजा लागली, एक सुटला. दामाजीवर गुन्हा दाखल झाला नाही. त्याची बोटं मात्र पुन्हा सुटी झाली नाहीत. उजव्या हाताची तीन एकमेकांना जुळून गेली होती, त्यात पान्हा धरता येत नसे. कल्याणजवळ मोहने गावात एका गॅरेजवाल्याने त्याला ठेवून घेतलं. गाडी आली की दामाजी डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि सांगायचा, काय खोलायचं. खोलायचे दुसरे.

मंजुळाने त्याला माफ केलं का, हे तिने कधी सांगितलं नाही. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर धाकू दामाजीजवळ आला, त्याच्या फुटक्या भुवईची खूण उरलेल्या डोळ्याने नीट पाहिली आणि म्हणाला, "लय लागलेला काय रं?"

"नाय," दामाजी म्हणाला.

"लागलेला," धाकू म्हणाला, आणि दोघे रिक्षा शोधायला पुलाकडे चालू लागले.