खाली म्हणजे चालू

आमच्या ओळखीत एक वायरमन आहेत. शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात, हे टेस्टर लावतात, म्हणून सगळे त्यांना टेस्टरमामा म्हणतात. लग्नाच्या फोटोतही तो टेस्टर दिसतो. त्यांच्या बायकोने हे मला स्वतः दाखवलंय, आणि दाखवताना तिचा चेहरा काही फार प्रसन्न नव्हता.

मामांचे कामाचे दोन नियम. मेन स्विच स्वतः बंद करायचा, स्वतःच चालू करायचा. आणि ते काम करत असताना खोलीतल्या बटणाला दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही.

लेकीच्या सासरी बैठकीच्या खोलीत दिवा असलेला नवा पंखा बसवायचा होता. बाहेरच्या कुणाला बोलावलं असतं तर मामांनी जन्मभर तोंड पाहिलं नसतं, म्हणून लेकीने बापालाच बोलावलं. विहीणबाई दारातच म्हणाल्या, "या व्याहीबुवा. पंखा बसवा, पण बोर्ड उघडायचा नाही. ह्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेला आहे. त्यांची तेवढी एकच आठवण भिंतीत आहे."

"हे" म्हणजे त्यांचे दिवंगत यजमान. पेशाने शिंपी. त्यांचा फोटो बोर्डाच्या बरोबर वर.

मामांनी बोर्डाकडे पाहिलं. एकच बटण, खाली दाबलेलं. वर जुना पंखा गप्प.

"बटण चालू आणि पंखा ढिम्म. हा मेलेलाच आहे," मामांनी निकाल दिला.

"बाबा, ते बटण—" लेक म्हणाली.

"बटणाला हात लावायचा नाही!"

मेन बंद करून मामांनी जुना पंखा उतरवला, नवा चढवला, वायरी जोडल्या, मेन चालू केला. पंखा हलेना. दिवाही लागेना.

"सकाळपर्यंत तर गरगर फिरत होता हो आमचा," विहीणबाई पदराने वारा घेत म्हणाल्या.

मामांची कानशिलं तापली. चाळीस वर्षं गावभर उजेड पाडला, आणि लेकीच्या सासरी अंधार! मेन बंद, पुन्हा शिडी. पंखा खाली घेतला, सगळे जोड नव्याने पिळले, पंखा वर. मेन चालू. शुकशुकाट.

"बाबा, जरा ऐका ना, ते बटण—"

"तू मला शिकवू नकोस! तुझ्या बारशाला मी माळा सोडल्या होत्या!"

"त्या तरी लागल्या होत्या का?" विहीणबाईंनी विचारलं.

लेक कपाळावर हात मारून स्वयंपाकघरात निघून गेली. दोन्हीकडचं ऐकून घेणारी तीच एकटी होती, आणि तिचं ऐकणारं तिथे कुणी नव्हतं.

तिसऱ्यांदा मामा चढले, छताजवळची, जोड झाकणारी वाटी खाली सरकवली आणि तारेला टेस्टर लावला. टेस्टर पेटेना. वाटी जागेवर बसवून ते खाली उतरले आणि गरजले, "पंखा निर्दोष आहे! दोष भिंतीत आहे! वायर आत तुटलीय. शिंप्याने वायरिंग केलं की असंच होणार, दोरा समजून ओढली असेल! भिंत फोडावी लागेल."

"माझी भिंत?"

"मग काय माझी?"

विहीणबाई उठल्या. "बोर्ड उघडू दिला नाही म्हणून भिंत फोडता? फोडा! पण आधी मला ह्यांचा फोटो उतरवून घेऊ दे. ह्या मेल्या खोलीत दुपारीसुद्धा दिसत नाही काही."

मामा पाठ फिरवून पिशवीत छिन्नी शोधत होते. मेन चालूच होता. विहीणबाई रागारागाने भिंतीशी गेल्या आणि वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी बटण वर केलं.

दिवा लख्ख लागला. पंखा असा सुटला की टेबलावरचा पेपर उडून मामांच्या तोंडावर बसला.

पेपर बाजूला करून मामांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग बटणाकडे.

"उलटं! बटण उलटं बसवलंय! जगात खाली म्हणजे चालू!"

"आमच्यात वर म्हणजे चालू. हे म्हणायचे, काम सुरू करायचं तर हात उचलायला नको का?"

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही हात लावू दिलात?"

दारात उभ्या लेकीने तोंडावर पदर दाबला होता.

"म्हणजे पंखा पहिल्या फटक्यात बरोबर बसला होता," मामा संतापून म्हणाले. "हे चारचौघांत सांगा. माझ्या हाताला नावं ठेवायची नाहीत!"

"सांगते की. पण मग आमचा जुना पंखा मेला कशाने?"

मामांनी कोपऱ्यातल्या त्या पंख्याकडे पाहिलं. पाती सुटी करून, सुतळीने बांधून त्यांनीच त्याची भंगारात जायची तयारी केली होती. पंखा उचलून काखेत मारला आणि म्हणाले, "दुरुस्तीला नेतो."

हल्ली तो मामांच्याच घरी, त्यांच्या खुर्चीच्या वर, मस्त गरगर फिरतो. दुरुस्ती कुठवर आली, असं मी एकदाच विचारलं. त्यांनी मला चहासुद्धा दिला नाही.